मुकी टाळी

शिवणवालीच्या मशीनवर ठेवलेला मोबाइल एकाएकी थरथरला आणि शेजारच्या पत्र्याच्या डबीतल्या टाचण्या किणकिणल्या. झालं ते एवढंच. ओडार्ले हात वर करून उभी होती, अंगावर अर्धा शिवलेला काळापांढरा झगा होता आणि काखेखाली टाचण्या लावलेल्या होत्या. "हलू नका, आवो, टोचेल," शिवणवाली म्हणाली. पण तोवर ती हलली होती आणि टोचलंही होतं. खाडीकाठच्या त्या वस्तीत सगळेच तिला आवो म्हणत, म्हणजे आई. तिला मूलबाळ नव्हतं, तरी म्हणत. शिवणवालीने मोबाइल उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरला. नाल्यावरच्या यंत्राचा मेसेज होता : ही चाचणी आहे, धोका नाही. "हा गेल्या वर्षीपण असाच यायचा ना?" असं म्हणून शिवणवालीने जीभ चावली. अंगावरचा झगा बहिणीच्या, टोर्शीच्या वर्षदिनासाठी होता, आणि टोर्शी गेल्या वर्षीच्या पुरात गेली होती. "यायचा," ओडार्ले म्हणाली. "खांद्यात जरा सैल ठेव. मी काही आता बारीक व्हायची नाही."

घरी परत येताना तिला त्या टाचण्यांचा आवाज डोक्यातून काढता येईना. उभी हयात तिने अक्राच्या टेलिफोन कचेरीत कानाला यंत्र लावून काढली होती. माणूस बोलायच्या आधी तार जी बारीक कुजबुज करते, ती तिला ओळखू यायची; पलीकडचा आनंदाची बातमी देणार की मेल्याची, ते त्याच्या श्वासावरून कळायचं. घंटा वाजते, माणूस उचलतो, बोलणं होतं, ही तिच्या लेखी जगाची रीत होती. हा न वाजता नुसता कापणारा फोन तिला फोन वाटतच नसे. अंगात हीव भरलेलं एखादं जनावर पदरात घेतल्यासारखं वाटे. गेल्या वर्षी पुराच्या दुपारीही तो असाच कापला होता. ती बँकेत पेन्शनच्या रांगेत उभी होती. बाहेर कडक ऊन होतं. पिशवीच्या तळाशी, आंबवलेल्या मक्याच्या, पानांत गुंडाळलेल्या केंकीच्या गोळ्यांखाली काहीतरी थरथरलं आणि तिने मनात म्हटलं, चाचणी असेल. पाऊस वर डोंगराकडे पडला होता. अक्राचं पाणी नेहमी दुसऱ्याच्या पावसातून येतं.

ओडार्ले आणि टोर्शी लहान असताना आम्पे खेळत. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, उडी मारायची, हवेतच टाळी वाजवायची आणि खाली येताना एक पाय पुढे टाकायचा. पाय जुळले तर एक जिंकली, नाही जुळले तर दुसरी. टोर्शी बुटकी आणि चपळ होती. तिच्या टाळ्या कोरड्या लाकडासारख्या फुटायच्या. वर्षातल्या त्या एका महिन्यात मात्र वाजवायचं काही नाही. देवांच्या शेतात धान्य पेरलं की ते रुजून वर येईपर्यंत ढोल गुंडाळून ठेवायचे. गाणं नाही, टाळी नाही, मयत झालं तरी हंबरडा नाही. दाणा झोपेतून उठत असतो, त्याला दचकवायचं नसतं. एका वर्षी बंदीच्या दुसऱ्याच दिवशी दोघी मासे वाळवायच्या जागेमागे आम्पे खेळल्या. तिथे कोण ऐकतंय, हे टोर्शीचं म्हणणं. तेव्हाचा राजगादीचा पहारेकरी, म्हणजे आताच्या पहारेकरी क्वाटेचा बाप, तो ऐकत होता. संध्याकाळी आईला बोलावणं आलं. दंड झाला जिनच्या दोन बाटल्या आणि एक मेंढी. आईने लग्नातलं जाडं कापड विकलं. मुलींना तिने मारलं नाही, रागावलीही नाही. ती बंदी उठेपर्यंत दोघींशी एक अक्षर बोलली नाही, आणि ओडार्लेच्या मनात गप्प बसणं आणि लाज ही दोन्ही तेव्हापासून एकाच भांड्यात शिजलेली होती. टोर्शीने त्यावर उपाय काढला. ती मुक्याने आम्पे खेळायला शिकली. उडी तशीच, पाय तसाच. फक्त तळवे एकमेकांजवळ येऊन बोटभर अंतरावर थांबायचे. ते बोटभर अंतर राखणं टाळी वाजवण्यापेक्षा अवघड होतं. ओडार्लेला त्यातली धग आठवत होती. हात जवळ येत, मध्ये हवा दबून गरम होई आणि आता लागेल, आता लागेल, असं सगळ्या अंगाला वाटे.

गेल्या वर्षी वस्तीच्या शाळेत सभा भरली होती तेव्हा ती धग तिच्या तळव्यांत पुन्हा आली. टोर्शीची मुलगी लामिले पुराची सूचना देणाऱ्या प्रकल्पात कामाला होती, ती तिथल्या माणसांबरोबर आली होती. पोरगी शिकून मोठी झालेली, हातात काचेची पाटी, पाटीवर वस्तीचा नकाशा. नाल्यात यंत्रं बसली होती. पाणी किती चढलं ते यंत्र सांगणार, वरचा पाऊस उपग्रह सांगणार, दोन्हींची बेरीज करून पाणी कुठल्या गल्लीत केव्हा शिरेल ते नकाशा सांगणार. मग मोबाइलवर मेसेज, आणि नाक्यावरच्या खांबाचा भोंगा. लोकांनी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, लामिलेने ते पाटीवर टिपलं. कोणीतरी विचारलं, या पाटीत आमच्या सासूचा राग केव्हा चढतो तेही दिसतं का. सगळे हसले. मग प्रकल्पाच्या साहेबाने विचारलं की पावसाचा महिना आणि तुमच्या बंदीचा महिना एकच येतो, तर भोंग्याचं काय. हसणं थांबलं. एकेक मान वळत वळत ओडार्लेकडे आली, कारण ती वयाने मोठी, आणि असल्या गोष्टी मोठ्यांनी बोलायच्या. तिला आईचं बंद तोंड दिसलं. तळव्यांमध्ये हवा दबली. ती म्हणाली, "त्या महिन्यात आमच्याकडे आवाज होत नाही."

तेवढ्यावर काम झालं. साहेबाने मान तुकवली, अगदी आदराने. लामिलेने पाटीवर बोट सरकवलं, आणि बंदीपुरता भोंगा मुका झाला. खांबावर पिवळा दिवा लागेल आणि मोबाइल थरथरतील, असं ठरलं. मागच्या बाकावरून टोर्शी ओरडली, "म्हणजे मला हाक कोण मारणार गं? पहाटे उठून मासे तळते मी, दुपारची मेल्यासारखी झोपते." ओडार्लेनेच तिला उत्तर दिलं होतं : "तुझं घोरणं ऐकून पाणीच माघारी जाईल." त्यावर तर साहेबही हसला. हे वाक्य ओडार्ले वर्षभर उलटंसुलटं करून पाहत होती. ते कुठून निघालं, तिला ते सुचलं तरी कसं, आणि सुचलं होतं तर दातांमागे का राहिलं नाही.

टोर्शीचा मोबाइल त्या दुपारी नाक्यावरच्या दुकानात चार्ज होत होता, कारण गल्लीत वीज नव्हती. तो तिथे थरथरला, दुकानदार जेवत होता. खांबावर पिवळा दिवा लागला आणि भर उन्हात कोणाला दिसला नाही. पाणी नाल्याचा काठ सोडून आलं ते आवाज न करता आलं, त्यालाही बंदी माहीत असल्यासारखं. वस्तीतले जागे होते ते पळाले. टोर्शीचं दार आतल्या बाजूला उघडत असे आणि पाणी आतून दाराला टेकलं होतं. ओडार्ले बँकेतून परतली तेव्हा बायका गल्लीच्या तोंडाशी ओलेत्या उभ्या होत्या, तोंडात कापडाचे बोळे धरून. कोणी हंबरडा फोडला नाही. फोडता येत नव्हता. शवागारात पेटी ठेवली आणि बंदी उठेपर्यंत ठेवावी लागली. आणि बंदी उठल्यावर, ढोल सुटल्यावर, सगळं गाव सणाचं मक्याचं पीठ आणि पामचा रस्सा खाऊन भुकेला हिणवत नाचायला लागल्यावर मग टोर्शीसाठी रडायची परवानगी मिळाली. ओडार्लेने तोंड उघडलं तर आत काही नव्हतं. तिचं रडणं तेवढ्यात कुठेतरी आटून गेलं होतं. लोक म्हणाले, आवो फार धीराची.

लामिले तेव्हापासून मावशीकडेच राहायला आली होती. दोघी एका ताटात जेवत. कोणी कोणाला काही बोललं नव्हतं, बोलायची गरज नव्हती, कारण दोघींनी मिळून एक आडोसा बांधला होता : रूढीने मारलं. एकीने तोंडाने सांगितलं, दुसरीने बोटाने बंद केलं, पण दोघी मधल्या निरोप्या. हुकूम खाडीच्या पुजाऱ्याचा, वुलोमोचा. लामिले त्याच्या घरावरून जाताना थुंकी गिळायची. "पांढरे कपडे घालून बसलाय अनवाणी," ती म्हणायची. "त्याचे पाय कोरडे आहेत ना, बास." ओडार्ले तिला गप्प बस म्हणायची, पण मनातून तिला ते ऐकायला बरं वाटायचं. त्या आडोशात ऊब होती.

शिवणवालीकडून परतलेल्या संध्याकाळी लामिले टेबलाशी पाटी घेऊन बसली होती. नकाशावर घरं करड्या चौकोनांची, नाला निळ्या रेघेचा. खाली एक पट्टी होती. पट्टीवर बोट पुढे नेलं की पाऊस वाढायचा, निळा रंग नाल्यातून उतू जाऊन गल्ल्यांत पसरायचा. टोर्शीचं घर शेवटून दुसरं. लामिले बोट पुढे न्यायची, घर बुडायचं. मागे घ्यायची, घर कोरडं. पुढे. मागे. ती काम करत होती की नुसती बसली होती ते ओडार्लेला कळेना.

"त्या दिवशीचे आकडे घातल्यापासून नकाशा बराच बरोबर यायला लागलाय," लामिले मान वर न करता म्हणाली. "आधी आईचं घर पाण्याबाहेर दाखवायचा."

"म्हणजे माणूस गेलं की तुमचा नकाशा शहाणा होतो."

"तसंच होतं ते, आवो. कुठेही तसंच होतं."

मग तिने सांगितलं की मोठ्या कचेरीच्या अहवालात त्यांच्या वस्तीवर अख्खं पान आलं होतं. मुक्या भोंग्याचा फोटो होता. स्थानिक रूढींचा मान राखून केलेलं नियोजन, असं वर लिहिलं होतं. दुसऱ्या शहरांतली माणसं ते पाहायला येणार होती. पुराचा उल्लेख पुढच्या पानावर होता, तक्त्यात. "बाधित घरं इतकी, मृत एक," लामिले म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं टोर्शीचं नव्हतं, कोणाचंच नव्हतं. "आता बंदी पुन्हा आली. साहेब विचारतात, यंदाही मुकाच ठेवायचा का. मी नाही त्या म्हाताऱ्याच्या दारात जाणार. तू जा. हात जोड, पाया पड, काय वाटेल ते कर. एका महिन्यापुरता भोंगा मोकळा करून आण. पाऊस यंदा जास्त सांगितलाय. गल्लीत अजून बारा बाया दुपारच्या झोपतात."

ओडार्ले दुसऱ्या दिवशी जिनची बाटली पिशवीत घालून गेली. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. वुलोमो अंगणात पांढऱ्या कापडात बसून टरबुजाच्या बिया सोलत होता. तो लहान पोरगा होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तेव्हा तो फुटबॉलमागे धावायचा आणि त्याला शिव्या फार छान यायच्या. आता त्याला मानाने नुमो म्हणायचं. त्याची अनवाणी पावलं मातीसारखी झाली होती.

"ये, आवो. बस. गुडघे कसे आहेत?"

"आहेत जागेवर, नुमो. एक भीक मागायला आलेय."

तिने वाक्यं रात्रभर घोळवली होती. दाण्याचा मान आम्ही राखतो, पण पाणी मान राखत नाही. देवांना विचारावं, भोंगा म्हणजे काही करमणूक नाही. तो बिया सोलत ऐकत राहिला आणि तिचं संपल्यावर त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीच्या घरी निरोप आणणाऱ्याकडे पाहावं.

"भोंगा कोणी बंद केलाय?"

"बंदी आहे ना, नुमो."

"बंदी ढोलाची. टाळीची, गाण्याची, रडण्याची. बंदीत आगीचा बंब घंटा वाजवत जात नाही? दवाखान्याची गाडी माझ्या दारावरून किंचाळत जाते, मी कधी तिला मेंढी मागितली?" त्याने सालपटं पायाने बाजूला सारली. "माणसं मेली तर देव धान्य कोणासाठी उगवणार? त्या दिवशी वर डोंगराकडे ढग काळा झाला तेव्हा मी इथे या पायरीवर बसून तुमच्या भोंग्याची वाट बघत होतो. म्हटलं, एवढा खांब पुरलाय पोरांनी, आता वाजेल. नाही वाजला. मला वाटलं, बिघडला असेल. या देशात काय बिघडत नाही?" मग म्हणाला, "विचारायला कोणी आलंच नाही माझ्याकडे. कोणी सांगितलं होतं, बंद ठेवा म्हणून?"

तिने पिशवीतली बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणाला, हिची गरज नाही. ती म्हणाली, "ठेवा, नुमो. असू दे." चपला घालताना तिला डावीउजवी कळेना. रस्त्यावर माणसं हळू आवाजात बोलत होती, ट्रोट्रोवाले, म्हणजे मिनीबसवाले, हॉर्न न वाजवता हाताने गाडीचा पत्रा थोपटत होते. बंदी सकाळपासून लागली होती. शहराने आवाज खाली घेतला की वाऱ्याचं, समुद्राचं आणि आपल्या छातीचं ऐकू येतं. आईला दंड झाला तो टाळीचा. टाळीचाच. बाकी सगळं तिने स्वतः त्यात भरलं होतं, वर्षानुवर्षं, भांड्याला चिकटलेल्या करपटासारखं. आईच्या मुकेपणाची तिला भीती होती आणि ती भीतीच तिने रूढी म्हणून साहेबाच्या हातात दिली. साहेबाला रूढी हवीच होती. लामिलेला मोठ्यांचा शब्द हवा होता. प्रत्येकाने दुसऱ्याला मान दिला, आणि तो मान पाण्यासारखा उताराने वाहत वाहत शेवटून दुसऱ्या घरात शिरला.

घराजवळ येईपर्यंत तिने ठरवलं होतं की सांगायचं. दार उघडलं तर लामिले उभीच होती, जेवणसुद्धा वाढलेलं नव्हतं. तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती. टोर्शीची तशीच उडायची, हरायची वेळ आली की. या पोरीच्या बोटाखाली ते बटण होतं. मावशीने खरं सांगितलं तर मावशी एकदा मरेल. पण ही रोज पट्टीवरचं बोट मागे घेत बसेल, आणि घर कधी कोरडं होणार नाही.

"काय म्हणाला?"

"परवानगी दिली," ओडार्ले म्हणाली. "बाटली दिली. पाया पडले. म्हणाला, वाजू दे."

लामिले खाली बसली. तोंड वाकडं करून म्हणाली, "म्हणजे देता येत होती. गेल्या वर्षीही देता आली असती. एक बाटली आणि एक म्हातारी पायाशी, एवढीच किंमत होती. कोणीतरी मरायची वाट बघत होता. सैतान."

ओडार्लेने केंकीचा गोळा सोलायला घेतला. पानं गरम होती. "जेव आता," ती म्हणाली. आडोसा उभा राहिला होता, पहिल्यापेक्षा पक्का. आणि आता त्यात ती एकटीच होती, कारण तो आतून कसा पोकळ आहे ते तिलाच ठाऊक होतं. एक भला माणूस पायरीवर बसून भोंग्याची वाट बघत होता, त्याला तिने विकलं होतं. तेही बरोबर एका बाटलीला.

दोन दिवसांनी भोंग्याची चाचणी ठेवली. नाक्यावर माणसं जमली, मोठ्याने न बोलता, नुसती दंडाला दंड लावून. प्रकल्पाचा साहेब आला, दुसऱ्या शहरातून आलेली माणसं आली, त्यांतल्या एकाच्या हातात कॅमेरा होता. राजगादीचा पहारेकरी क्वाटे काठी टेकून कडेला उभा होता. बापाचंच नाक, बापाचीच मान. ओडार्लेने नवा काळापांढरा झगा घातला होता. वर्षदिन बंदी उठेपर्यंत पुढे गेला होता, पण झगा तयार होता. लामिलेने पाटीवरून बोट सरकवलं.

आवाज आधी पोटात लागला, मग कानात. गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पत्रे थरारले, कोंबड्या उधळल्या, आणि शेवटून दुसऱ्या रिकाम्या घराच्या दारावर जाऊन तो आपटलेला ओडार्लेला ऐकू आला. इतका मोठा होता. इतका मोठा आवाज त्यांच्याजवळ गेल्या वर्षीही होता, याच खांबावर, याच तारेत, गिळून ठेवलेला. मेलेल्यालाही उठवेल असा. आता रडून घ्यावं, असं तिच्या मनात आलं. या आवाजाखाली कोणाला कळणार नाही. तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. हात मात्र उचलले गेले, कोणी उचलले ते तिला कळलं नाही. तळवे समोरासमोर आले, मध्ये हवा दबली, गरम झाली. समोर टोर्शी होती, बुटकी, उडीच्या बेतात, डोळे मिचकावून तोल धरत. भोंगा थांबला. त्या शांततेत तळवे बोटभर अंतरावर आले, आणि या वेळी थांबले नाहीत.

एकच टाळी. कोरड्या लाकडासारखी फुटली.

सगळ्या नाक्याने मान वळवली. लामिलेच्या तोंडावर वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी उजळलं. तिला वाटलं, मावशीला आनंद झाला. कॅमेरावाला घाईने पुढे झाला आणि खूण करून म्हणाला, आणखी एकदा, आजी, आणखी एकदा. पुढच्या अहवालात ती असणार होती, काळ्यापांढऱ्या झग्यात, यंत्राचं स्वागत करताना.

क्वाटे काठी टेकत आला. त्याला फार संकोच झाला होता.

"आवो," तो हळूच म्हणाला, "भोंग्याचं ठीक आहे. नुमोंनी मला सांगितलंय, भोंग्याला बंदी नव्हतीच कधी. पण टाळी..."

लामिले दोन पावलांवर होती. पाटी तिने छातीशी धरली होती. तिने ते ऐकलं. तिचं बोट पाटीच्या काचेवरून उचललं गेलं आणि हवेत तसंच राहिलं.

ओडार्लेने तिच्याकडे पाहिलं नाही. ती क्वाटेकडेच पाहत राहिली, त्याच्या बापाच्या नाकाकडे.

"हो, मीच वाजवली," ती म्हणाली. "दंड सांग."